काळी वाळू म्हणजे घाण वाळू नव्हे

रत्नागिरीत भगवती किल्ल्याच्या एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. मांडवीची काळी पुळण पाहून बाहेरगावची माणसे नाक मुरडतात. सांडपाणी मुरून, काहीतरी कुजून वाळू काळी पडली असावी, असे त्यांना वाटते. या किनाऱ्यावर हा अन्याय आहे.

गैरसमज : वाळू जितकी काळी, तितके तिच्यात सेंद्रिय द्रव्य जास्त.

वस्तुस्थिती : इथला काळेपणा मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या खनिजांचा आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट आणि कोकणातला जांभा झिजतो, तेव्हा ही खनिजे नद्यांबरोबर समुद्रात येतात. इल्मेनाइट पाण्याच्या सुमारे ४.७ पट जड, तर साध्या वाळूतले क्वार्ट्झ २.६५ पट. लाटा हलके कण ओढून नेतात, जड काळे कण मागे राहतात. कोरड्या वाळूवरून कागदात गुंडाळलेले जोरकस लोहचुंबक फिरवून पाहा. काळे कण उचलले गेले, तर ते खनिजाचे. कुजलेला पाला चुंबकाला चिकटत नाही.

गैरसमज : खणल्यावर काळा, दुर्गंधी थर लागला, म्हणजे तिथे सेंद्रिय द्रव्य ठासून भरलेले असणार.

वस्तुस्थिती : यात तथ्य आहे, पण अर्धेच. खाडीच्या तोंडाशी गाळमिश्रित वाळूत प्राणवायू पोहोचत नाही. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून सेंद्रिय द्रव्य कुजवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच. लोहाशी त्याचा संयोग झाला की काळे लोह सल्फाइड बनते, आणि ते थोडे असले तरी सगळा थर काळा दिसतो. हीच वाळू हवेवर पसरून ठेवली की करडी किंवा तपकिरी होते. सेंद्रिय द्रव्य मात्र तेवढ्या वेळात फारसे घटत नाही.

शिंपल्यांच्या पांढऱ्या चुऱ्याबद्दल उलटा घोटाळा होतो. तो जीवांनी घडवलेला खरा, पण आहे कॅल्शियम कार्बोनेट. सेंद्रिय द्रव्यात तो मोजत नाहीत.

मग मोजायचे कसे? नमुना १०५ अंश सेल्सिअसला वाळवून तोलतात, ५५० अंशांच्या भट्टीत काही तास जाळतात आणि पुन्हा तोलतात. वजनातली घट म्हणजे साधारणपणे सेंद्रिय द्रव्य. या तापमानाला शिंपल्यांचा चुरा बहुतांशी टिकतो. चिकणमाती जास्त असेल तर तिच्यातले बांधलेले पाणीही उडते आणि आकडा फुगतो. लाटांनी धुतलेल्या पुळणीत हे प्रमाण बहुधा १ टक्क्याच्याही आत भरते.

रंग अगदीच निरुपयोगी नाही. एकाच किनाऱ्याचे, एकाच चाळणीतून काढलेले, पूर्ण वाळवलेले नमुने मन्सेल रंगतक्त्याशी ताडून त्यांतल्या काहींची भट्टीतली घट मोजली, तर बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो. वाळवणे टाळू नये, कारण कुठलीही वाळू ओली असताना गडद दिसते. एका किनाऱ्याचा अंदाज दुसऱ्याला लावू नये.

सांडपाण्याची शंका असेल, तर पाण्यातल्या कॉलिफॉर्म जिवाणूंची तपासणी करून घ्या. वाळूच्या रंगावरून किनाऱ्याला नावे ठेवू नका.