ओके म्हणजे नक्की काय, बॉस?

‘शनिवारी येऊन प्रेझेंटेशन संपवशील ना?’ ‘ओके.’ संपलं! गेला वीकेंड! तुम्हाला म्हणायचं होतं ‘मेसेज वाचला’, बॉसने घेतलं ‘नक्की येतो’. कळलं, पटलं, करतो, बरंय... सगळ्याला आपला एकच शब्द.

गंमत म्हणजे ओकेचा जन्मच मुळी थट्टेतून झाला. ‘ऑल करेक्ट’चं स्पेलिंग मुद्दाम चुकवून, ‘ओ’ आणि ‘के’ने सुरू होणारे शब्द करायचे, ही तेव्हाची फॅशन. २३ मार्च १८३९ रोजी बोस्टनच्या एका पेपरात हे लघुरूप छापून आलं.

आता मात्र थट्टा पुरे! कॅनडातला एक शेतकरी मोबाइलवर आलेल्या करारांना ‘ओके’ लिहून होकार द्यायचा, माल पोचवायचा. २०२१मध्ये जवसाच्या कराराला त्याने नुसता अंगठा पाठवला आणि माल दिलाच नाही. ‘करार मिळाला, एवढंच म्हणायचं होतं,’ हा बचाव कोर्टाला पटला नाही. आधीचं ‘ओके’ म्हणजे होकार, तर हा अंगठाही होकारच! २०२३मध्ये त्याला ८२ हजारांहून जास्त कॅनेडियन डॉलर्स भरपाईचा आदेश झाला.

तेव्हा दोन शब्द जास्त टाइप करा : ‘वाचलं, उद्या सांगतो.’ वीकेंड वाचेल. ओके?