मुंबई पाहायला जाताना

आपल्या माढा तालुक्यात मुंबईला कोणीच गेलेले नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. कोणी आजारी माणसाला घेऊन परळच्या रुग्णालयात गेलेला असतो, कोणी अर्ज घेऊन मंत्रालयात, कोणी मुलाखतीला, कोणी मावशीच्या मुलीच्या लग्नाला. परत आला की तो सांगतो, "मुंबई पाहिली." काय पाहिले म्हणून विचारावे, तर समुद्र, गर्दी आणि उंच इमारती यांपलीकडे गाडी जात नाही. यात त्याचा दोष नाही. तो मुंबईला कामासाठी गेला होता. मुंबई त्याला वाटेत दिसली, एवढेच.

दिसणे आणि पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सांगायला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या माढ्यातील विठ्ठलमूर्ती पिढ्यान्‌पिढ्या लोकांना दिसत होती. रा. चिं. ढेरे यांनी ती पाहिली. पांडुरंगमाहात्म्यातील मूर्तीचे वर्णन त्यांच्या वाचनात होते. ते त्यांनी समोरच्या मूर्तीशी ताडून पाहिले आणि माढ्याची मूर्ती हीच पंढरपूरची आद्य मूर्ती असावी, असे मत मांडले. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा त्यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला आणि त्या मतावर वादही झाला. मत पटो वा न पटो. ढेरे यांच्या डोळ्यांना जे दिसले ते आपल्याला दिसले नाही, कारण ते तयारीने आले होते.

मुंबईला जाणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्यानेही अशीच थोडी तयारी करावी, यासाठी हा लेखप्रपंच. १ मे १९६० पासून मुंबई ही आपल्या महाराष्ट्राची राजधानी आहे. पण राजधानी म्हणजे केवळ विधिमंडळ आणि मंत्रालय नव्हे. आपण जे विषय वर्गात शिकतो, त्यांतील निम्म्या गोष्टी तेथे दगडाच्या, चित्रांच्या आणि पुस्तकांच्या रूपाने उभ्या आहेत. आपल्याजवळ वेळ थोडा आणि पैसा त्याहून थोडा. म्हणून बेत आधी आखला पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे सगळी मुंबई पाहण्याचा हट्ट सोडावा. दोन दिवसांत वीस स्थळे उरकणाऱ्या सहलीत खरे तर बसची खिडकीच पाहून होते. त्यापेक्षा आपला विषय हाताशी धरावा. इतिहासवाल्याने घारापुरी आणि वस्तुसंग्रहालय धरावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने कापूस, बंदर आणि गिरण्या यांचा माग काढावा. मराठीच्या विद्यार्थ्याने नारायण सुर्वे आणि अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनातली कामगारवस्ती आठवत लालबाग-परळच्या रस्त्यांनी चालून पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर तेथील गिरण्यांचे दिवस कसे फिरले, हे सोलापूरच्या बंद गिरण्या पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट वाराची. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. नाटकांचे प्रयोग शनिवार-रविवारी अधिक. उलट लोकलगाडीच्या मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो तो बहुधा रविवारीच. पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटी थांबतात. तेव्हा सहलीला दिवाळीनंतरचे दिवस बरे. वेळा आणि दर बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करून घ्यावी. महाविद्यालयाचे ओळखपत्र बरोबर असावेच; काही ठिकाणी विद्यार्थ्यांना प्रवेशशुल्कात सवलत मिळते.

तिसरी गोष्ट भूगोलाची. मुंबई दक्षिणोत्तर लांबट आहे. सकाळी कुलाबा, दुपारी बोरिवली आणि संध्याकाळी पुन्हा गिरगाव असा बेत केला, तर दिवस गाडीतच जातो. एका वेळी एकच भाग घ्यावा आणि तो शक्यतो पायी पाहावा.

आता प्रत्यक्ष बेत. शुक्रवारी रात्री कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरावी. आरक्षण मात्र आधीच केलेले असावे. शनिवारी सकाळी आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. रात्र प्रवासात गेल्याने मुक्कामाचा एक खर्च वाचतो. तोंड धुऊन, सामान सामानघरात ठेवून बाहेर यावे आणि लगेच टॅक्सीच्या मागे न धावता रस्ता ओलांडून मागे वळून पाहावे. आपल्या सहलीतली पहिली वास्तू हीच. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली हिचे काम सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. भिंतींवरची पाने, पक्षी, प्राणी यांच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या मुलांचे काम २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले!

येथून दक्षिणेकडे चालत निघावे. काही मिनिटांत हुतात्मा चौक लागतो. १८६४ सालचे कारंजे आणि त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या परिसरात मोर्चावर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभरांहून अधिक माणसे गेली, म्हणून आज आपण मुंबईला आपली राजधानी म्हणतो. येथे दोन मिनिटे उभे राहावे.

चौकातून डावीकडे, हॉर्निमन सर्कलपलीकडे, उंच पायऱ्यांची आणि जाड खांबांची एक पांढरी इमारत आहे. पहिल्या खेपेस मी त्या पायऱ्यांखाली उभा राहिलो, हे कुठले तरी मोठे न्यायालय असावे असे समजलो आणि आत जायला कोणी हटकेल या भीतीने पुढे निघून गेलो. गावी आल्यावर प्राध्यापकांनी विचारले, तेव्हा कळले की तो १८३३ साली पुरा झालेला टाऊन हॉल. तेथेच १८०४ साली स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शिलालेखांवरचे संशोधन मांडले ते याच संस्थेत. राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालयही याच इमारतीत आहे. माझ्यापुढे दार बंद नव्हते. पायरी चढण्याचे धैर्य नव्हते. तालुक्याच्या गावातून आलेल्या आपल्यासारख्यांना राजधानीत ही अडचण पैशाच्या अडचणीहून मोठी असते. त्यावरचा उपाय सोपा आहे. प्राचार्यांचे पत्र घेऊन आधी लिहून विचारावे, कोणते दालन पाहता येईल ते ठरवून घ्यावे आणि मग सरळ वर जावे.

परत चौकात येऊन ओव्हल मैदान गाठावे. एका बाजूला विद्यापीठ, राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय, तर समोरच्या बाजूला १९३० च्या दशकातील गोलसर कोपऱ्यांच्या इमारती. २०१८ साली या साऱ्या समूहाला जागतिक वारशाचा मान मिळाला. एवढ्या मोठ्या इमारती एका रांगेत कशा आल्या? १८६० च्या दशकात मुंबईच्या जुन्या किल्ल्याचा तट पाडला गेला आणि जागा मोकळी झाली. पैसा आला तो कापसातून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव १८७८ साली पुऱ्या झालेल्या या मनोऱ्याला मिळाले. आपला लोहमार्ग १८६० साली सोलापूरला पोचला. देशातला कापूस बंदरावर आणणे हा असे मार्ग टाकण्यामागचा एक मोठा हेतू होता. ज्या रुळांवरून रात्री आपण आलो, त्यांचे आणि या मनोऱ्याचे गोत्र असे एकच आहे.

दुपार छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी राखून ठेवावी. १९२२ साली खुल्या झालेल्या या इमारतीचा घुमट पाहताच ओळखीचा वाटेल. वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी तो विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे. सोलापूरपासून जवळच असलेला गोलघुमट आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. आत तीनच दालने निवडावीत, उदाहरणार्थ शिल्पे, लघुचित्रे आणि मीरपूरखासची मृण्मय शिल्पे. प्रत्येक दालनात एकाच वस्तूसमोर दहा मिनिटे थांबून वहीत दोन ओळी लिहाव्यात. शेजारी १९५२ सालची जहांगीर कलादालनाची वास्तू आहे. तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. संध्याकाळी दादर, माटुंगा किंवा पार्ले येथील एखाद्या नाट्यगृहात नाटक पाहावे. जाहिरात वर्तमानपत्रात सकाळीच पाहून ठेवावी. रात्रीचा मुक्काम नातेवाइकांकडे किंवा आधी ठरवलेल्या धर्मशाळेत.

रविवारी सकाळी लवकर गेटवेवरून घारापुरीची बोट धरावी. तासाभराचा प्रवास. पायऱ्या चढून मुख्य लेण्यात शिरले, की काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग हळूहळू दक्षिणेच्या भिंतीतून सुमारे वीस फुटी सदाशिव पुढे येतो. सहाव्या शतकातल्या कारागिरांनी उजेडाचाही विचार केला होता, हे तेथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. या बेटाच्या किनाऱ्याजवळ पूर्वी एक दगडी हत्ती होता. त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, पण यारी मोडली आणि हत्ती फुटला. पुढे तुकडे जोडून तो उभा केला गेला आणि आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर आहे. दुपारी परतल्यावर लोकलने भायखळ्याला जाऊन तो जरूर पाहावा. सकाळी बेट आणि दुपारी त्या बेटाला नाव देणारा हत्ती, असा एका दिवसाचा धडा पुरा होतो. रात्री पुन्हा सिद्धेश्वर. सोमवारी सकाळी कुर्डुवाडी आणि पहिल्या नाही तरी दुसऱ्या तासाला आपण वर्गात हजर.

मित्रहो, एवढे करूनही मुंबईचा मोठा भाग राहूनच जाईल. कान्हेरीची लेणी राहतील, पुस्तकांसाठी बांधलेले डॉ. आंबेडकरांचे राजगृह राहील, १८९८ सालचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय राहील. राहू द्यावे, पुढच्या खेपेला कारण हवेच. पण जे पाहिले ते नीट पाहिले असेल, तर सोमवारी स्टेशनवरून गावात शिरताना एक फरक जाणवेल. रोजच्या वाटेवरची माढेश्वरी, जुनी गढी, विठ्ठलाचे देऊळ यांच्यासमोर पाय आपोआप थांबतील आणि मनात प्रश्न येईल : हे कोणी बांधले, कधी, आणि कशासाठी? तो प्रश्न आला, की सहलीचे पैसे फिटले असे समजावे.