विंचू, गोळी आणि मात्रा

पेंढा ओढताना, लाकडं काढताना, दगड उचलताना आपला हात पुढं असतो. म्हणून आज आम्ही बचत गटाच्या बायका लाल विंचवाबद्दल आणि त्यावर देतात त्या गोळीबद्दल बोलणार आहोत.

लाल विंचू चावला की विषामुळं अंगात अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायनं एकदम भरमसाट सुटतात. रक्तवाहिन्यांवर या रसायनांसाठी ठरलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. रिसेप्टर म्हणजे कुलूप, रसायन म्हणजे किल्ली. किल्ली फिरली की रक्तवाहिनी आवळते. सगळीकडच्या किल्ल्या एकदम फिरल्या की रक्तदाब चढतो, दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस दगावतो.

प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती त्याच कुलपात जाऊन बसते, पण फिरत नाही. खऱ्या किल्लीला जागा मिळत नाही आणि रक्तवाहिन्या सैल होतात. अशा अडवणाऱ्या औषधाला अँटॅगॉनिस्ट म्हणतात. ही गोळी विष मारत नाही, विषानं उठवलेलं वादळ थोपवते. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात विंचूदंशावर तिचा उपयोग दाखवून दिला. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. पुढं ते प्रमाण एकाच्या आसपास आलं.

मग ही गोळी घरी आणून ठेवायची का? नाही. गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत किती अंतर आहे, यावर औषधाची सुरक्षितता मोजतात. प्रयोगशाळेत निम्म्या प्राण्यांना गुण येतो ती मात्रा आणि निम्मे प्राणी मरतात ती मात्रा काढून दुसरीला पहिलीनं भागतात. समजा, १० मिलिग्रॅमनं गुण येतो आणि १००० मिलिग्रॅम मारक ठरतं, तर उत्तर १००. मारक मात्रा २०च असेल, तर उत्तर २. आकडा जितका मोठा, तितकं औषध सुरक्षित. हृदयाच्या डिगॉक्सिनमध्ये हे अंतर फार कमी, म्हणून गरज पडली की डॉक्टर रक्त तपासून मात्रा ठरवतात.

माणसाच्या बाबतीत वय, वजन, इतर आजारही बघावे लागतात. प्राझोसिनच्या पहिल्याच गोळीनं रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. म्हणून दवाखान्यात रुग्णाला आडवं ठेवतात, रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजतात, मुलांना वजनावरून मात्रा देतात. सासऱ्यांच्या डबीतली रक्तदाबाची गोळी लेकराला देऊ नका. ती प्राझोसिन असेलच असंही नाही.

विंचू चावला तर मंत्र-उतारा करत बसू नका. रुग्णाला चालवू नका, गाडी बोलवा आणि थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. किती वाजता चावला ते डॉक्टरांना सांगा. गाडीसाठी १०८ हा नंबर आजच चुलीमागच्या भिंतीवर लिहून ठेवा.