ज्येष्ठांसाठी गृहशुश्रूषा संस्था (महाराष्ट्र)

गृहशुश्रूषा संस्था म्हणजे आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे परावलंबी झालेल्या व्यक्तीची तिच्या राहत्या घरी देखभाल करण्यासाठी मोबदला घेऊन माणसे पुरवणारी संस्था होय. महाराष्ट्रातील शहरांत अशा संस्थेला सर्रास ‘ब्युरो’ म्हणतात. तिच्यामार्फत येणाऱ्या स्त्रीला ‘मावशी’, ‘आया’ किंवा ‘केअरटेकर’ आणि पुरुषाला ‘मामा’ किंवा ‘वॉर्डबॉय’ ही संबोधने रूढ आहेत. रुग्णालय किंवा वृद्धाश्रम यांच्याप्रमाणे येथे देखभालीची जागा संस्थेच्या ताब्यात नसते. ती कुटुंबाचे घर असते. या सेवेचा दर्जा तपासणारी स्वतंत्र परवाना पद्धती नसल्यामुळे संस्थेची पारख करण्याची जबाबदारी प्रामुख्याने कुटुंबावर येते.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती. महाराष्ट्रात ती सुमारे १.११ कोटी, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. घरातील वृद्धांची शुश्रूषा परंपरेने पत्नी, सून किंवा मुलगी करत असे आणि या श्रमाची वेगळी गणना होत नसे. लहान कुटुंबे, स्त्रियांचे घराबाहेरील काम आणि नोकरीनिमित्त मुलांचे परगावी किंवा परदेशी वास्तव्य यांमुळे ही व्यवस्था बदलली. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, कंपवात किंवा खुब्याचे अस्थिभंग यांनंतरची देखभाल दीर्घकाळ चालते आणि ती नोकरी सांभाळून करणे अनेक कुटुंबांना शक्य होत नाही.

संस्थेचा शोध बहुधा घाईत घेतला जातो. रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस ठरल्यावर वॉर्डातील कर्मचारी, औषधांचे दुकानदार किंवा शेजारी यांच्याकडून एखादा दूरध्वनी क्रमांक मिळतो आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी व्यक्ती घरात कामावर येते. अशा शिफारशीमागे कधी प्रत्यक्ष अनुभव असतो, तर कधी केवळ ओळख. शिफारस करणाऱ्याने स्वतः ती सेवा घेतली होती का, हे विचारल्याने दोहोंतील फरक कळतो.

गरजेची निश्चिती

संस्थेशी बोलण्यापूर्वी ज्येष्ठ व्यक्तीला नेमकी कोणती मदत लागते हे ठरवले जाते. यासाठी अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात स्नान, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे या सहा दैनंदिन क्रिया आहेत. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत औषधे वेळेवर घेणे, स्वयंपाक, खरेदी, पैशांचे व्यवहार, दूरध्वनीचा वापर अशा अधिक गुंतागुंतीच्या कामांचा विचार केला आहे.

या आधारे गरजेचे स्थूलमानाने तीन प्रकार होतात :

• सोबत : व्यक्ती हिंडती-फिरती आहे, परंतु एकटी राहू शकत नाही. औषधांची आठवण, फिरायला नेणे, गप्पा आणि पडण्यापासून जपणे ही मुख्य कामे असतात.
• व्यक्तिगत देखभाल : स्नान, शौच, भरवणे, डायपर बदलणे, चाकाच्या खुर्चीत बसवणे आणि अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस नियमितपणे बदलणे. कूस बदलण्याचे अंतर सामान्यतः दोन तासांचे मानले जाते. त्यात हयगय झाल्यास पाठीवर व कंबरेवर शय्याव्रण होतात.
• परिचर्या : इंजेक्शन, सलाइन, मूत्रनलिका, नाकातून घातलेली अन्ननळी, जखमेची मलमपट्टी, प्राणवायू इत्यादी वैद्यकीय स्वरूपाची कामे.

यांपैकी कोणती मदत दिवसा आणि कोणती रात्री लागते, याची वेगळी नोंद केल्यास बारा तासांची पाळी पुरेशी आहे की चोवीस तासांची व्यवस्था हवी, हे ठरवता येते.

सेवकांची पात्रता

ब्युरोच्या बोलीत ‘सिस्टर’ किंवा ‘नर्स’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. प्रत्यक्षात नोंदणीकृत परिचारिका म्हणजे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंद झालेली व्यक्ती होय. ‘एएनएम’ हा दोन वर्षांचा, तर ‘बी.एस्सी. नर्सिंग’ हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. या दोहोंच्या दरम्यान ‘जीएनएम’ ही पदविका येते. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. परिचर्येची कामे असल्यास नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत पाहणे आवश्यक ठरते.

दुसरा वर्ग कौशल्य विकास योजनांखाली ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ असे प्रशिक्षण घेतलेल्या सहायकांचा आहे. हे प्रशिक्षण परिचारिकेच्या शिक्षणाची जागा घेत नाही. तिसरा आणि मोठा वर्ग केवळ अनुभवातून काम शिकलेल्या स्त्रियांचा आहे. व्यक्तिगत देखभालीत अशा अनुभवी मावशी अत्यंत कुशल असू शकतात. तथापि त्यांच्याकडून इंजेक्शन देणे किंवा नळी बदलणे यांसारखी कामे करून घेणे रुग्णासाठी धोक्याचे असते.

संस्थांचे प्रकार

व्यवहाराच्या दृष्टीने संस्था दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात संस्था केवळ गाठ घालून देते : ती कुटुंबाकडून नोंदणी शुल्क किंवा दलाली घेते आणि पगार कुटुंब थेट सेविकेला देते. दुसऱ्या प्रकारात कुटुंब संस्थेला मासिक रक्कम देते आणि संस्था आपला हिस्सा ठेवून सेविकेला वेतन देते. सेविका न सांगता गैरहजर राहिल्यास बदली कोण देणार, तिच्या कामावर देखरेख कोण ठेवणार आणि तिला कामावर इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे या फरकावर अवलंबून असतात. पहिल्या प्रकारात ही जबाबदारी बहुतांशी कुटुंबाकडे येते, जरी जाहिरातीत तसे म्हटलेले नसले तरी.

कायदेशीर स्थिती

संस्थेच्या कार्यालयात दिसणारे ‘गुमास्ता’ प्रमाणपत्र हे दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदीचा पुरावा असते. त्यावरून व्यवसाय अस्तित्वात असल्याचे कळते. सेविकांचे प्रशिक्षण किंवा सेवेचा दर्जा यांची हमी त्यातून मिळत नाही. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या जागांसाठी आहे. घरपोच शुश्रूषेसाठी नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा मुख्यतः मुलांच्या व वारसांच्या जबाबदारीविषयी आहे. या कायद्यात सुधारणा सुचवणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद त्यात होती. मात्र सतरावी लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित होईपर्यंत ते संमत झाले नाही आणि व्यपगत झाले.

निवडीचे निकष

नियामक नसल्यामुळे काही गोष्टींची तपासणी कुटुंबाला स्वतः करावी लागते :

• संस्थेचे कार्यालय प्रत्यक्ष आहे की केवळ भ्रमणध्वनीवर व्यवहार चालतो.
• सेविकेचे ओळखपत्र, कायमचा पत्ता आणि पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी. ‘पडताळणी झाली आहे’ या तोंडी आश्वासनाऐवजी कागद पाहिला जातो.
• आधी काम केलेल्या किमान दोन घरांशी बोलणे. काम का सुटले, हा प्रश्न त्यात सर्वांत उपयोगी ठरतो.
• याच आजाराच्या रुग्णासोबतचा अनुभव. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती तोच प्रश्न वारंवार विचारते, संशय घेते किंवा घराबाहेर निघून जाते; अशा वेळी काय करता, या प्रश्नाच्या उत्तरातून अनुभव व स्वभाव दोन्ही कळतात.
• संस्थेचा पर्यवेक्षक घरी भेट देतो का आणि किती दिवसांनी.
• रात्री-अपरात्री संपर्क साधता येणारा क्रमांक.

पुरुष रुग्णाला उचलणे, स्त्री रुग्णाचा संकोच, भाषा आणि घरातील आहार यांचाही निवडीत विचार होतो. आयुष्यभर मराठी बोललेल्या व्यक्तीला आजारपणात दुसऱ्या भाषेत दुखणे सांगणे अवघड जाते. त्यामुळे भाषेचा मुद्दा केवळ सोयीचा राहत नाही.

करार

कामे, पाळीच्या वेळा, दर, साप्ताहिक सुट्टी, बदलीची व्यवस्था, आगाऊ रक्कम, अनामत परत मिळण्याच्या अटी आणि सेवा थांबवण्यासाठी द्यावयाची पूर्वसूचना हे मुद्दे लेखी असणे हितावह असते. स्वयंपाक, भांडी व कपडे ही कामे रुग्णापुरती की सर्व घराची, यावरून सर्वाधिक वाद होतात. चोवीस तासांच्या सेवेत सेविकेची झोप, जेवण व झोपण्याची जागा यांचा स्पष्ट उल्लेख लागतो. जो रुग्ण रात्री अनेकदा उठतो, त्याच्यासाठी एकाच व्यक्तीने अहोरात्र जागणे शक्य नसते. अशा ठिकाणी दोन पाळ्या सुरक्षित ठरतात.

खर्च आणि विमा

दर शहर, पाळी आणि पात्रतेनुसार बदलतात. मासिक रकमेखेरीज डायपर, हातमोजे, हवेची गादी, रुग्णखाट यांचा खर्च वेगळा असतो. आरोग्य विमा हा खर्च उचलेल, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात भारतीय विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या अपवर्जनांत स्नान, कपडे घालणे, हालचाल यांसाठी घरी घेतलेली वैयक्तिक देखभाल, मग ती परिचारिकेने दिलेली असली तरी, समाविष्ट आहे. घरी घेतलेल्या वैद्यकीय उपचारांसाठीचे विमा संरक्षण ही वेगळी बाब असून तिच्या अटी पॉलिसीत दिलेल्या असतात.

ज्येष्ठांचा सहभाग आणि देखरेख

देखभाल ज्यांची व्हायची त्यांना न विचारता माणूस ठेवल्यास नकार, रुसवा किंवा भांडणे होतात. सेविकेची आधी भेट घडवणे, पहिले काही दिवस घरातील कोणी सोबत असणे आणि कोणती कामे स्वतः करायची हे ज्येष्ठांनाच ठरवू देणे यांमुळे सेवा रुळते. जी व्यक्ती स्वतः चमच्याने जेवू शकते तिला वेळ वाचवण्यासाठी भरवू लागल्यास ती क्षमता लवकर नष्ट होते.

घरात नोंदवही ठेवून तिच्यात औषधे, आहार, लघवी-शौच, ताप, रक्तदाब व झोप यांची रोजची नोंद केली जाते. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांना परिस्थिती कळण्याचे ते विश्वसनीय साधन असते. कारण न सांगता येणारे व्रण, अचानक घटलेले वजन, अस्वच्छता, सेविकेसमोर ज्येष्ठांचे गप्प होणे आणि सतत गुंगीत असणे ही दुर्लक्षाची किंवा गैरवर्तनाची लक्षणे असू शकतात. दागिने, एटीएमचा गुप्त क्रमांक आणि सह्या केलेले धनादेश सेविकेच्या हाती न देणे हे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. संशयाला जागाच उरत नाही.

सेविकांची स्थिती

सेविका बंद दाराआड, एकटी आणि दीर्घकाळ काम करते. सलग पाळ्या, अपुरी झोप आणि रुग्ण उचलल्याने होणारी पाठदुखी या तिच्या नेहमीच्या अडचणी आहेत. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ च्या अधिनियमानुसार कल्याण मंडळ असून पात्र कामगारांची तेथे नोंदणी होते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. थकलेल्या व्यक्तीच्या हातून शुश्रूषेत चुका होतात. त्यामुळे तिची विश्रांती हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाही भाग ठरतो.

तक्रार निवारण

मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातही ती दाखल करू शकतो. लेखी करार व पावत्या नसल्यास तक्रार सिद्ध करणे कठीण जाते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘एल्डर लाइन’ १४५६७ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक उपलब्ध आहे. मारहाण, चोरी किंवा जिवाला धोका असल्यास पोलिसांच्या ११२ या क्रमांकावर संपर्क साधला जातो.