सभा किती वाजता?

शिक्षणाच्या धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका नेतृत्व फेलोशिपसाठी माझी निवड झाली, तेव्हा आईने विचारले, "कायमची नोकरी सोडून ही दोन वर्षांची उठाठेव कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर मला कायद्याच्या एका कलमात सापडले.

१८८२ साली जोतिराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे गाऱ्हाणे मांडले होते : सरकारी तिजोरी भरते रयतेच्या कष्टावर, आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या रयतेला शाळेत हक्काची जागा दिली. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे समितीचे काम.

आता गावाकडे चला. सभा सकाळी अकराला. आया त्या वेळी खुरपणीला. रोज बुडवून कोण येणार? मग वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. मी काम केले त्या गावात गुरुजींशी बोलून आम्ही सभा संध्याकाळी सातला घेतली. एरवी न बोलणाऱ्या एका बाईंनी विचारले, "पोरींच्या संडासाला कुलूप का?" आठवड्यात कुलूप निघाले.

हे कलम आयांसाठीही आहे. आपल्या गावच्या शाळेची समिती कधी बसते, कोण बोलते, एकदा जाऊन पाहा. बसायला सतरंजी असतेच.