आजी म्हणायची ‘इलिचपूर’

माझी आजी अचलपूरला जन्मभर ‘इलिचपूर’ म्हणत आली. मी सहावीत असताना तिला एकदा सुधारलं. “आजी, अचलपूर म्हण. इलिचपूर हे इंग्रजांनी बिघडवलेलं नाव आहे.” सुपातले तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “तुह्यं खरं, बाप्पा.” आणि दुसऱ्याच वाक्यात पुन्हा इलिचपूर!

पुढे लग्न होऊन मी अकोल्याला आले आणि शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. पन्नाशीजवळ आले तेव्हा कुठे मला कळलं, की चूक आजीची नव्हती, माझी होती. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले. प्राकृताच्या व्याकरणात त्यांनी आमच्या गावासाठी वेगळा नियमच दिलेला आहे: अचलपुरातले ‘च’ आणि ‘ल’ जागा बदलतात, म्हणजे लोक ‘अलचपूर’ म्हणतात. लखनौचं नखलौ होतं ना, तसंच हे. याच्या लगेच पुढचा नियम महाराष्ट्राचा आहे. त्यातले ‘ह’ आणि ‘र’ उलटतात आणि ‘मरहट्ठ’ तयार होतं. अलचपूरचं पुढे एलिचपूर, इलिचपूर झालं. इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार हातात घेतला 1853 मध्ये. त्याच्या सातशे वर्षं आधीपासून लोकांच्या तोंडात असलेला उच्चार आजी सांभाळत होती, आणि मी तिला शुद्ध बोलायला शिकवत होते.

तेव्हापासून कोणी पाहुणा आला की मी त्याला माहेरी नेते. या दिवाळीत पुण्याहून आलेली नात सोबत होती. पूर्वी हा प्रवास म्हणजे मूर्तिजापूरला उतरून शकुंतला गाडी पकडायची. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेली ही अरुंद रुळांची लाइन. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर अंतर, पण अर्धा दिवस त्यात जायचा. मँचेस्टरला 1921 मध्ये तयार झालेलं तिचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत धावत होतं. त्यानंतर डिझेल इंजिन आलं, आणि आता गाडीच बंद आहे. आम्ही एसटीने गेलो. एसटीचं आगार परतवाड्याला आहे. परतवाडा इंग्रजांच्या छावणीभोवती वाढलेलं गाव, आणि अचलपूर त्याला लागूनच.

आधी चमकला गेलो. अचलपूरच्या नैर्ऋत्येला पाच-सहा किलोमीटरवर हे खेडं आहे. दिसायला इतर खेड्यांसारखंच: कपाशी, तूर, पारावर बसलेली माणसं. पण इथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकात त्याने हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं. ताम्रपटात गावाचं नाव ‘चर्मांक’ असं आहे. चर्मांकचं चमक व्हायला दीड हजार वर्षं लागली, आणि तरी ते ओळखू येतं. मला मात्र या दानाला घातलेल्या अटी फार महत्त्वाच्या वाटतात. हे दान घेणाऱ्यांनी राजाशी द्रोह करायचा नाही, चोरी आणि व्यभिचार करायचा नाही, लढाई करायची नाही, शेजारच्या गावांना त्रास द्यायचा नाही. यातलं काही केलं तर राजा गाव परत घेईल आणि ती चोरी ठरणार नाही. राजे दानपत्रात सहसा पुण्याचं बोलतात, हा राजा करारनामा लिहून घेतो. वर्गात मी मुलांना या अटी फळ्यावर लिहून द्यायची आणि विचारायची, “असं का लिहावं लागलं असेल?” मुलांची उत्तरं पुस्तकातल्यापेक्षा चांगली असत.

दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला, गाविलगडावर. या किल्ल्याला दिवस द्यावा. हुर्डा खायला आणि दऱ्या पाहायला जाणारे लोक अर्ध्या तासात गड उरकून परत फिरतात, त्याचं मला वाईट वाटतं. बहामनी सुलतान अहमदशाह 1425च्या सुमारास अचलपुरात मुक्काम करून होता, तेव्हा त्याने हा गड बांधून घेतला. गवळ्यांचा जुना गड तिथे आधीपासून असावा, नावच तसं आहे. पण मी नातीला हात धरून नेलं ते एका दरवाजापाशी. त्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, सोबत सिंह आणि हत्ती. गंडभेरुंड म्हणजे विजयनगरचं चिन्ह. ते इतक्या उत्तरेला, सातपुड्यात कसं आलं?

याचं उत्तर म्हणजे एका माणसाची गोष्ट आहे. विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण घरातला एक मुलगा लढाईत बहामनींच्या हाती सापडला. तो मुसलमान झाला, चाकरीत चढत चढत वऱ्हाडचा सुभेदार झाला. हाच फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क. 1488च्या सुमारास त्याने गाविलगडाची डागडुजी केली आणि 1490 मध्ये स्वतःची इमादशाही उभी केली. अचलपूर तिची राजधानी. लहानपणी पाहिलेलं चिन्ह त्याने म्हातारपणी दगडात उतरवून घेतलं, असं मला वाटतं. कारागिरांनी आपल्या मनाने कोरलं असंही कोणी म्हणेल. मी त्या दरवाजाखाली उभी राहिले की मला तो मुलगाच दिसतो. इमादशाही उभी राहिल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांनी, 1574 मध्ये, अहमदनगरच्या निजामशाहीने हे राज्य गिळलं.

उत्तरेकडच्या तटाजवळ नात दमून बसली, तिथेच तिला 1803ची लढाई सांगितली. इंग्रजांच्या बाजूच्या स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून तोफा ओढत याच बाजूला आणल्या आणि 15 डिसेंबरला वेलस्लीने गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावला तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेलं. देवगाव परतवाड्याहून अंजनगावच्या रस्त्यावरच आहे.

अचलपुरात परत येऊन गावात फिरायला ऑटो केला. नवाबांच्या काळातला परकोट, दुल्हा दरवाजा, बिच्छन नदीकाठचा दुल्हा रहमान शाह यांचा दर्गा. हळदीच्या अंगाने लग्न सोडून लढाईला आलेला नवरदेव, अशी त्यांची कथा आम्ही लहानपणापासून ऐकलेली. आजी दर गुरुवारी तिथे नारळ पाठवायची.

शेवटी हौज कटोरा. “तिथं काय हाय पाह्याले, काकू?” ऑटोवाल्याने विचारलं. गावाबाहेर, शेतांमध्ये, गोल हौदाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी मनोरा. आज त्याचे तीन मजले उभे आहेत. वरचे मजले एका नवाबाने दगडविटांसाठी उतरवले, असं गावात सांगतात. बहामनींच्या काळातला हा मनोरा पाण्यात उभा असताना त्याच्या कमानींतून वारा कसा येत असेल, ते वऱ्हाडच्या मे महिन्यात राहिलेल्या माणसालाच कळेल. नात बाजू मोजत भोवती फिरली. थोड्या वेळाने ऑटोवालाही उतरून आला.

“आमची बुढी बी इलिचपूरच म्हन्ते,” मी नातीशी बोलत होते ते ऐकून तो म्हणाला. “आमी तिले हासतो.”

“हसू नका, भाऊ,” मी म्हटलं, आणि परतवाड्याच्या स्टँडपर्यंत त्याला हेमचंद्राची गोष्ट सांगितली. स्टँडच्या फाटकाशी आम्ही उतरत असताना तो पुन्हा एकदा विचारून घेत होता: “च आन् ल. हे दोनच ना?”