शेवटचे दोन फर्लांग

रेस बघणारी माणसं एवढी का ओरडतात, याचं उत्तर मराठी घरात तयारच असतं. पैसे लावलेत म्हणून. रेसचा नाद म्हणजे घराला लागलेली कीड, हे आपल्याकडे एकेकाळी इतकं पक्कं होतं की 'मुलगा रेसला जातो' एवढं कानावर आलं तरी जमत आलेलं लग्न फिसकटायचं. त्या भीतीत तथ्य होतंच. पगाराचं पाकीट घराऐवजी महालक्ष्मीला रिकामं झाल्याच्या कहाण्या गिरणगावात काही कमी नव्हत्या. तरीही जगभरच्या मोठ्या रेसमधली गर्दी जरा निरखून पाहिली, की पैशाचा हिशेब कुठेतरी जुळेनासा होतो. माणसं भलत्याच कारणासाठी ओरडतात, रडतात, हरलेलं तिकीट जपून ठेवतात, आणि जिंकलेलंसुद्धा.

आधी आपलं घरचं मैदान. महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३चा. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिथे इंडियन डर्बी होते: अंतर २४०० मीटर, वेळ जेमतेम अडीच मिनिटं. पहिली डर्बी १९४३ साली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने मारली, आणि तिच्यावर स्वार होता ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट. याच ब्रिटने पुढे सप्टेंबर १९४७मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, डॉनकॅस्टरला सेंट लेजर जिंकली. घोडा पुन्हा बडोद्याचाच, नाव सयाजीराव. यॉर्कशरच्या गर्दीने ते नाव कसं उच्चारलं असेल, याची कल्पना करून मला अजून हसू येतं.

डर्बीच्या दिवशी मेंबरांच्या बाजूला हॅट, सूट, ठेवणीतल्या साड्या आणि फोटोग्राफर असतात. तिकडे मी फार रेंगाळत नाही. तिथली निम्मी मंडळी घोड्याकडे पाठ करून उभी असतात. खरा प्रकार दुसऱ्या बाजूला. खिशात पेन, हातात रेसबुक, त्यात खुणाच खुणा. पॅडॉकमध्ये घोडे फिरवले जातात तेव्हा कुणाच्या मानेवर घाम सुटलाय, कोण उगाच तोंड झटकतोय, हे पाहून शेवटचा निर्णय बदलणारे लोक असतात आणि बदलल्याबद्दल संध्याकाळी हळहळणारेही तेच. बुकींच्या रिंगणात भाव हलतो तशी माणसं हलतात. 'आतली टिप' प्रत्येकाकडे असते.

गेट उघडतं तेव्हा फारसा आवाज होत नाही. घोडे लांबच्या बाजूला असतात, लोक दुर्बिणीत नाहीतर पडद्यावर डोळे लावून, कान कॉमेंटरीकडे. एक गुणगुण चालू असते. वळण संपून घोडे सरळ पट्ट्यात आले की चित्र पालटतं. शेवटचे दोन फर्लांग, म्हणजे चारशे मीटर. घोड्याचं नाव कितीही राजेशाही असो, त्या क्षणी ते कुणाच्या तोंडी नसतं. 'चल चार नंबर! चार! चार!' एवढंच. कुणी जॉकीच्या नावाने हाका मारतो, जणू तो ऐकून वेग वाढवणार आहे. रेसबुकाची सुरळी करून माणसं स्वतःच्याच मांडीवर सपासप मारत असतात. चाबूक जॉकीच्या हातात आणि वळ यांच्या मांडीवर. पोस्ट ओलांडली की तो एकसंध आवाज फाटतो. थोडे उड्या मारतात, बरेच गप्प, आणि प्रत्येक टोळक्यात एक जण असतोच: 'मी म्हटलं होतं.'

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ ठरवला. पंटर मंडळींनी हा निकाल आपल्या सोयीने वाटून घेतलाय. लागलं तर कौशल्य, गेलं तर नशीब.

या गर्दीच्या आवाजाला आपण परिणाम समजतो. एकदा तो कारण ठरला असावा. २४ मार्च १९५६, लिव्हरपूलजवळच्या एंट्रीची ग्रँड नॅशनल. राजमाता एलिझाबेथ यांचा डेव्हन लॉक शेवटचा अडथळा पार करून पुढे निघाला होता, मागच्यांना आता काही आशा उरलेली नव्हती. राजघराण्याचा घोडा नॅशनल जिंकतोय म्हणताना स्टँड पेटला. पोस्ट पन्नासेक यार्डांवर असताना घोड्याने अचानक समोर नसलेला अडथळा ओलांडावा तसे पाय उचलले आणि तो सपशेल पोटावर आदळला. मागून येणारा ईएसबी जिंकून गेला. पायात पेटका आला, बाजूच्या पाण्याच्या अडथळ्याची सावली दिसली, अशी कारणं नंतर बरीच निघाली. जॉकी होता डिक फ्रान्सिस, जो पुढे रेसच्या जगातल्या रहस्यकथा लिहून जगभर खपला. त्याचं मत शेवटपर्यंत हेच, की घोडा त्या गर्जनेने दचकला. हे खरं असेल तर लाखो लोकांनी ज्याला जिंकवायला गळा फाडला, त्याला त्यांनीच पाडलं. मला डिक फ्रान्सिसचं म्हणणं पटतं. घोड्याचे कान ज्याने जवळून पाहिलेत त्याला ते पटायला जड जाऊ नये.

याच एंट्रीला १९६७मध्ये तेविसाव्या अडथळ्यापाशी एक मोकाट घोडा आडवा आला आणि जवळजवळ सगळा ताफा एकमेकांवर आपटला. मागे रखडलेला फॉइनेव्हन बाजूने वाट काढून गेला आणि जिंकला. भाव शंभरास एक. त्याच्यावर इतका कमी भरवसा होता की ट्रेनर त्या दिवशी दुसऱ्याच घोड्यासाठी वूस्टरला गेला होता. तो अडथळा आता फॉइनेव्हनच्याच नावाने ओळखला जातो.

असा अनपेक्षित निकाल लागला की गर्दी ओरडत नाही, गोंधळते. याचा कळस ४ मे २०१९ला केंटकी डर्बीत झाला. चर्चिल डाउन्सवर पाऊस, चिखल आणि दीड लाखाची गर्दी. मॅक्झिमम सिक्युरिटी पहिला आला, ज्यांनी त्याच्यावर लावले होते त्यांचं नाचून झालं, आणि मग ऑब्जेक्शन आलं: वळणावर याने बाकीच्यांची वाट अडवली. पंचांनी चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. बावीस मिनिटं! दोन मिनिटांच्या रेसचा निकाल बावीस मिनिटांनी. जिंकलेले जिंकलेले नव्हते, हरलेले अजून हरलेले नव्हते, आणि सगळे मोठ्या पडद्यावर तोच वळणाचा तुकडा बघत आपापल्या तिकिटाच्या बाजूने कायदा सांगत होते. शेवटी पासष्टास एक भावाच्या कंट्री हाउसला विजेता ठरवलं. १८७५पासूनच्या या डर्बीत रेसमधल्या अडथळ्यासाठी विजेता बाद होण्याची ती पहिली वेळ. निकाल अधिकृत होईपर्यंत तिकीट फाडू नये, ही रेसकोर्सवरची जुनी ताकीद त्या दिवशी किती जणांना महागात पडली असेल कोण जाणे.

आता पैशाचा हिशेब सुटतो तिकडे वळू. ९ जून १९७३, न्यूयॉर्कचा बेलमॉन्ट पार्क. सेक्रेटेरियट हा तांबूस घोडा एकतीस लांब्यांनी जिंकला. दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत. धुळीच्या ट्रॅकवर त्या अंतराचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. बाकीचे घोडे चौकटीत यावेत म्हणून टीव्हीच्या कॅमेऱ्याला मागे मागे जावं लागलं. स्पर्धा तर कधीच संपली होती, तरी स्टँडमधला आवाज वाढतच गेला. खरं तर चुरस नसेल तर गर्दी जांभया देते, पण इथे ती एका घोड्याची घड्याळाशी चाललेली झुंज बघत होती. आणि तिकिटं? दोन डॉलरच्या तिकिटावर मिळायचे दोन डॉलर वीस सेंट. जिंकलेली ५,६१७ तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत. वीस सेंटसाठी रांगेत कोण उभं राहणार, असं कुणी म्हणेल. पण त्यात मुद्दलही होतं, आणि मुद्दल सोडणारा पंटर मी तरी पाहिलेला नाही. ती तिकिटं आठवण म्हणून घरी गेली.

जपानने याच्या पुढची मजल मारली. मे १९९०मध्ये टोकियोच्या डर्बीला १,९६,५१७ माणसं जमली होती. आयनेस फुजिन जिंकून परतला तेव्हा त्या गर्दीतून जॉकीच्या नावाचा एकसुरात घोष उठला: 'नाकानो! नाकानो!' रेसकोर्सवर अशी आरती त्याआधी कुणी ऐकली नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओगुरी कॅप हा थकला-संपला म्हणून निकालात काढलेला घोडा आपली शेवटची रेस, अरिमा किनेन, जिंकला आणि पावणेदोन लाख लोकांनी त्याच्या नावाचा तसाच गजर केला. ओगुरी कॅप मुळात गावाकडच्या छोट्या सर्किटवर धावणारा. राजधानीतल्या उच्चकुळींना त्याने हरवलं, यातच त्याच्या लोकप्रियतेचं मर्म आहे.

आणि हारु उरारा. शिकोकू बेटावरच्या कोची या छोट्या रेसकोर्सवरची घोडी. ती एकदाही जिंकली नाही. ११३ रेस, शून्य विजय. रेसकोर्स बंद पडण्याच्या बेतात असताना तिच्या हरण्याची बातमी देशभर झाली आणि लोक तिला हरताना बघायला येऊ लागले. तिच्यावरचं तिकीट कधीच लागत नाही, तेव्हा ते जवळ ठेवलं तर गाडीचा अपघातही लागणार नाही, अशी समजूत पसरली. मार्च २००४मध्ये देशातला सर्वांत नावाजलेला जॉकी युताका ताके तिच्यावर बसला. तेरा हजार माणसं जमली, आणि ती अकरांत दहावी आली. टाळ्या कडकडल्या. इथे हरण्यावर पैसे लावून हरल्याचा आनंद घेणारी गर्दी आहे, आणि तिला जुगारी म्हणायचं तर शब्दाची फारच ओढाताण होईल.

इटलीतल्या सिएना गावात उलट टोक. २ जुलै आणि १६ ऑगस्टला शहराच्या चौकात पालिओची शर्यत होते. गावातले सतरा मोहल्ले, त्यांतले दहा धावतात, खेळ नव्वद सेकंदांच्या आसपासचा. शर्यतीआधी घोड्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. स्वार पडला तरी एकटा घोडा जिंकू शकतो, आणि सर्वांत मोठी नामुष्की शेवटचा येण्याची नसून दुसरा येण्याची. मोठी माणसं भर चौकात हुंदके देतात. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात ज्याने एखादं गाव आपल्या जोडीसाठी बेभान झालेलं पाहिलंय, त्याला यातलं काही समजावून सांगायला नको.

घोडा कोसळतो तेव्हाच्या गर्दीबद्दल फार लिहिवत नाही. १९७५मध्ये बेलमॉन्टला रफियन या अजिंक्य घोडीचा पाय दुहेरी शर्यतीत मोडला. तिला त्याच मैदानात पुरलं. २००६मध्ये प्रीकनेसला बार्बारो जायबंदी झाला, तो पुढे आठ महिने जगला, आणि त्याच्या इस्पितळात अनोळखी लोकांकडून गाजरं, सफरचंदं, शुभेच्छापत्रं येत राहिली. त्याच गर्दीने पुढच्या रेसची तिकिटंही काढली असतील. यात दांभिकता आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

मेलबर्नमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी कप असतो आणि शहराला चक्क सुट्टी. ऑफिसात प्रत्येकाने थोडे डॉलर टाकून चिठ्ठ्या उचलायच्या. ज्याच्या चिठ्ठीवर जो घोडा, तो त्याचा. रेसमधलं ओ की ठो न कळणारी माणसंसुद्धा तीन-साडेतीन मिनिटं त्या चिठ्ठीवरच्या नावासाठी जीव टाकतात. २०२१मध्ये कप २ नोव्हेंबरला होता, आणि त्या दिवशी धनत्रयोदशी. तिथल्या मराठी घरांत त्या दिवशी लक्ष्मीची वाट दोन्हीकडून बघितली गेली असणार. त्याआधीच्या वर्षी, २०२०मध्ये, कोविडमुळे फ्लेमिंग्टनचे स्टँड रिकामे होते. टीव्हीवर कॉमेंटरी होती, घोडे होते, चुरस होती, पण शेवटच्या दोन फर्लांगांत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. आवाज हा रेसचाच भाग आहे, हे तेव्हा टीव्हीपुढे बसून कळलं.

महालक्ष्मीलाही डर्बी सोडली तर गर्दी आता पूर्वीची राहिलेली नाही. २०१७ साली पैजेच्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि बराचसा पंटर बेकायदा बुकीच्या फोनकडे सरकला. फोनवर रेस बघणारा ओरडला तरी तो घरच्यांनाच ऐकू येतो, आणि घरच्यांचं त्यावरचं मत सुरुवातीला सांगितलंच आहे. येत्या फेब्रुवारीत डर्बीला जाणार असाल तर पैसे लावा, लावू नका, तुमची मर्जी. मात्र पॅडॉकमध्ये एक घोडा हेरून त्याचा नंबर पाठ करून ठेवा. नाहीतर वळण संपल्यावर सगळा स्टँड ओरडत असताना आपण कुणाच्या नावाने ओरडायचं, हे शेजाऱ्याला विचारावं लागतं, आणि तोवर रेस संपलेली असते.